नाखवा: बोटीचा मालक की कप्तान?

उरणजवळच्या करंज्याच्या धक्क्याला लागलेल्या एखाद्या मासेमारी बोटीबद्दल "ही कोणाची?" असं विचारलं, तर उत्तरात नाखव्याचं नाव येतं. "चालवतो कोण?" असं विचारलं, तर तांडेलाचं. जाळं ओढणारे, मासळी निवडणारे, बर्फ भरणारे ते खलाशी. धक्क्यावर वावरणाऱ्या माणसाचा यात गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो शहरातल्या वाचकाचा. कारण शब्दकोश उघडावा तर नाखवा म्हणजे जहाजाचा कप्तान, आणि कोळीगीतं ऐकावीत तर तिथे नाखव्याला चक्क वल्हवायला सांगतात. मग नाखवा नक्की कोण? मालक, कप्तान की वल्हवणारा?

वल्हवणारा हा अर्थ गाण्यापुरता सोडून देऊ. गाण्यात लयीला महत्त्व, हुद्द्याला नाही. मालक आणि कप्तान हे दोन्ही अर्थ मात्र खरे आहेत, जुने आहेत, आणि हजार वर्षं एकमेकांशी झोंबत आलेले आहेत. ही झोंबाझोंबी समजून घेतली की समुद्रावरचा व्यापार कसा चालायचा, पैसा कोण घालायचा आणि जोखीम कोणाच्या डोक्यावर असायची, हेही आपोआप कळतं.

आधी शब्द उकलू. 'नाखवा' आला फारसी 'नाखुदा'वरून, आणि 'नाखुदा' म्हणजे नाव अधिक खुदा. यातली 'नाव' आपल्याला परकी नाही. संस्कृत 'नौ', फारसी 'नाव', लॅटिन 'नाविस' ही एकाच मुळाची फळं आहेत. इंग्रजीतली 'नेव्ही' त्याच लॅटिन शब्दातून निघाली. ग्रीक भाषेत जहाजाला 'नाउस' म्हणत. जहाजावर पोटात ढवळतं त्याला ग्रीकांनी जो शब्द दिला, त्यातूनच डॉक्टर हल्ली सर्रास वापरतात तो 'नॉशिया' आला. म्हणजे नाखवा आणि मळमळ यांचं भाषेतलं नातं खरंच सख्खं आहे. पहिल्यांदाच खोल समुद्रात गेलेल्या कुठल्याही पाहुण्याला ते पटेल.

दुसरा भाग 'खुदा'. आज हा शब्द ऐकला की आपल्या मनात देवच येतो, आणि 'नावेचा देव' असा भलताच अर्थ लावण्याचा मोह होतो. पण फारसीत 'खुदा'चा जुना अर्थ धनी, स्वामी, मालक असा होता. इस्लामपूर्व इराणात राजांच्या हकिकतींचा जो ग्रंथ होता, त्याचं नावच 'ख्वदायनामग', म्हणजे राजांची बखर. घरधन्याला किंवा गावच्या मुखियाला फारसीत 'कदखुदा' म्हणत. 'खुदावंद' हा याच कुळातला, आणि त्याचा आखूड झालेला 'खावंद' तर मराठी कागदपत्रांत जागोजाग सापडतो. चाकर आपल्या धन्याला 'खावंद' म्हणून लिहितो, तेव्हा तो त्याला मालकच म्हणत असतो. तेव्हा नाखुदा म्हणजे नावेचा खावंद.

'नाखुदा'चा 'नाखवा' होताना मधला 'द' कुठे गेला? फारसीच्या जुन्या उच्चारात दोन स्वरांमधला हा 'द' मऊ पडलेला होता. अरबांनी शब्द उचलला तो त्या मऊ उच्चारासकट, आणि आजही अरबीत त्या जागी साधा 'द' लिहीत नाहीत. आपल्याकडेही दोन स्वरांत अडकलेला 'द' टिकत नाही. 'पाद'चा 'पाय' झाला तो असाच. जिभेची ही सवय जुनी आहे. गुजरातीत 'नाखवो' आणि मराठीत 'नाखवा' अशी एकसारखी झीज झाली.

फारसी शब्द कोकणात पोचला कसा, याचं उत्तर अनेक जण "मुसलमानी राजवटीत आला" असं देऊन मोकळे होतात. दरबारी फारसीतून आलेले शब्द पुष्कळ आहेत, पण नाखवा त्यांच्या आधीचा. तो तलवारीबरोबर आला नाही, वाऱ्याबरोबर आला. अरबी समुद्रात वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळ्यातला नैर्ऋत्य वारा ओसरत असताना आखातातली आणि एडनकडची जहाजं आपल्या किनाऱ्याला येत, आणि हिवाळ्यातला ईशान्य वारा धरून परत जात. ज्या ऋतूत जहाजं सुटायची त्याला अरब 'मौसिम' म्हणत. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'मॉन्सांव' झालं आणि तिथून 'मान्सून'. वारा फिरेपर्यंत परतायची सोय नाही, त्यामुळे आलेल्या माणसाला महिनोन्‌महिने बंदरात मुक्काम करावा लागे. मुक्काम आला की घर आलं, संसार आला, आणि शब्दही वस्तीला आले.

ही वस्ती केवढी होती? मसूदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमाराला, सैमूर बंदरात आला होता. सैमूर म्हणजे आपलं चौल. किनाऱ्यावर तेव्हा शिलाहार झंझ राजा होता आणि त्याच्या डोक्यावर राष्ट्रकूट. मसूदी लिहितो की तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहत होते. कोणी सिराफचे, कोणी ओमान, बसरा, बगदादचे, आणि कित्येक तर इथेच जन्मलेले. सिराफ हे इराणच्या किनाऱ्यावरचं बंदर. तिथले दर्यावर्दी बोलायचे फारसी, लिहायचे अरबी आणि हिशेब ठेवायचे चौलात.

त्यानंतर दहाच वर्षांनी, शके ८४८ चा म्हणजे ९२६ सालचा एक ताम्रपट डहाणूजवळच्या चिंचणीला मिळाला आहे. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रदेशाचा कारभार पाहणारा अधिकारी त्यात 'ताजिक', म्हणजे अरब वंशाचा आहे. त्याचं नाव मधुमती, उघडच मोहम्मदचं संस्कृत रूप. याने आसपासच्या बंदरांवर आपली माणसं नेमली, आणि लोकांसाठी नदीवर फुकट होडीची सोय सुरू केली, असं त्या ताम्रपटात नोंदलं आहे. उत्तर कोकणात एक अरब अधिकारी, त्याचा धनी कन्नड मुलखातला राजा, आणि लेख संस्कृतात. अशा मिसळीत 'नाखुदा' शब्द रुजला नसता तरच नवल.

पण संस्कृत लिहिणाऱ्या पंडितांपुढे अडचण होती. जहाजवाल्या व्यापाऱ्याला म्हणायचं काय? त्यांनी शब्द काढला 'नौवित्तक'. नौ हेच ज्याचं वित्त आहे तो. ११ व्या शतकातल्या गोव्याच्या कदंबांच्या ताम्रपटात अरब वंशातल्या अलियम नावाच्या माणसाला हे विशेषण लावलेलं आहे. आणि पुढे वेरावळच्या १२६४ सालच्या शिलालेखात तर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी येतात. होर्मुझहून आलेल्या नूरुद्दीन फिरोज नावाच्या जहाजमालकाने सोमनाथ पाटणला मशीद बांधली, त्या व्यवहाराचा हा लेख. त्यात हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह अशा चार कालगणनांत तारीख दिली आहे, म्हणजे कोणालाही शंका घ्यायला जागा नको! त्यात माणसांच्या नावांआधी कुठे 'नौ' असं संक्षिप्त लिहिलं आहे, कुठे 'नाखू'. आपण 'डॉ.' किंवा 'अ‍ॅड.' लिहितो तसंच. पदवीचा संक्षेप करून चालतो, याचा अर्थ ती पदवी वाचणाऱ्याच्या ओळखीची होती.

मला स्वतःला या सगळ्यात आवडणारा पुरावा ठाण्याचा आहे. कैरोच्या जुन्या भागातल्या एका यहुदी प्रार्थनास्थळात टाकाऊ कागदांची खोली होती. देवाचं नाव असलेला कागद फाडायचा नाही, या श्रद्धेमुळे शतकानुशतकं तिथे पत्रं, हिशेब, करारनामे साठत गेले. त्यात हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्यांची पत्रंही निघाली. १२ व्या शतकाच्या मध्यातलं असंच एक पत्र महरूझ नावाच्या एडनकडच्या यहुदी नाखुद्याने मंगळूरहून लिहिलं आहे. त्याच्या मेव्हण्याला पश्चिम किनाऱ्यावर चाच्यांनी लुटलं होतं. महरूझ त्याला धीर देतो आणि कळवतो, की सोनं-नाणं लागलं तर नाखुदा तिंबूकडून माझ्या नावावर घे. तो ठाण्यात आहे, आणि त्याचा माझा भावासारखा घरोबा आहे.

या पत्रातला नाखुदा काय करतो आहे, ते बघा. तो सुकाणू धरून उभा नाही. तो ठाण्यात बसून आहे, त्याच्याकडे रोकड आहे, आणि शेकडो कोस दूर असलेल्या मित्राच्या शब्दावर ती रोकड तो तिसऱ्याला देणार आहे. म्हणजे हा पेढीवाला झाला, सावकार झाला. त्याच्या नावामागे नाखुदा लागतं ते त्याच्याकडे जहाज आहे म्हणून. पुढे १४ व्या शतकात इब्न बतूता कालिकतला मिस्काल नावाच्या नाखुद्याचं वर्णन करतो, तेही असंच. अफाट संपत्ती, पुष्कळ जहाजं, आणि व्यापार थेट चीन, येमेन, इराणपर्यंत. पुष्कळ जहाजं असलेला माणूस एकाच वेळी सगळी चालवू शकत नाही, हे सांगायला नको.

मग कप्तान हा अर्थ कुठून शिरला?

इथेच खरी गंमत आहे. मालक बोटीवर असला तर प्रश्न नसतो. पण धंदा वाढला, दुसरं-तिसरं जहाज आलं, की मालक किनाऱ्यावर राहतो आणि जहाजावर आपला माणूस पाठवतो. माल कुठे उतरवायचा, काय भावाने विकायचा, कोणत्या बंदरात किती जकात भरायची, हे ठरवायचा अधिकार त्या माणसाला असतो. बंदरातले लोक त्यालाच 'नाखुदा' म्हणू लागतात. त्यांच्या दृष्टीने समोर दिसणारा धनी तोच. ट्रकचा मालक साताऱ्यात असला तरी नाक्यावरचा हवालदार ड्रायव्हरलाच 'शेठ' म्हणतो ना, तसं. दोन-तीन पिढ्या गेल्या की खऱ्या मालकाचा विसर पडतो आणि जहाजावरचा प्रमुख म्हणजे नाखुदा, असा अर्थ पक्का होतो.

या मधल्या अवस्थेचं चित्र अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त नेमकं टिपलेलं आहे. अकबराच्या काळातल्या जहाजावर बारा प्रकारची माणसं असतात, असं तो लिहितो. सगळ्यांत वर नाखुदा. त्याला तो जहाजाचा मालक म्हणतो, पण जहाज कोणत्या दिशेने न्यायचं हेही तोच ठरवतो, असंही सांगतो. त्याच्याखाली मुअल्लिम. अरबीत मुअल्लिम म्हणजे गुरुजी. पाण्याची खोली, खडक, तारे यांचं ज्ञान त्याच्याकडे, आणि जहाज सुखरूप नेण्याची जबाबदारीही त्याचीच. तिसरा तांडेल, खलाशांचा मुकादम. मग सरहंग, जो जहाज धक्क्याला लावणं, सोडणं बघतो. भंडारी कोठाराचा प्रमुख. कराणी हिशेब लिहितो आणि पाणी मोजून देतो. खाऱ्या समुद्राच्या मध्यावर गोडं पाणी हिशेबनिसाच्या ताब्यात, यात केवढं शहाणपण आहे! सुक्कानगीर सुकाणू धरतो, पंजरी डोलकाठीच्या टोकावर बसून जमीन, जहाज किंवा वादळ दिसतंय का ते पाहतो, गुमती तळाचं पाणी उपसतो, आणि शिडं चढवण्या-उतरवण्याचं काम खारव्याचं.

यातली निम्मी नावं आजही आपल्या आसपास आहेत. रत्नागिरीकडचा खारवी समाज, तांडेल आडनावाची घरं, परदेशी कंपन्यांच्या बोटींवर खलाशांचा स्वयंपाक करणारा 'भंडारी'. (हा भंडारी हुद्दा आहे. कोकणातला भंडारी समाज वेगळा. १६७९ मध्ये खांदेरी इंग्रजांशी झुंजवणारा मायनाक भंडारी त्या समाजातला.) कराणी म्हणजे तोच, ज्याला कंपनी सरकारच्या काळातले इंग्रज 'क्रॅनी' म्हणत. त्यांच्या लेखी कारकुनाचं ते नाव होऊन बसलं.

पगाराचे आकडेही अबुल फझल देतो. बंगालमधल्या सातगावच्या बंदरात नाखुद्याला ४०० रुपये, मुअल्लिमला २००, तांडेलाला १२०, कराण्याला ५०. पण खरी मेख पुढे आहे. ४०० रुपयांच्या वर नाखुद्याला जहाजावरचे चार 'मलीख', म्हणजे चार कप्पे मिळत. त्यांत त्याने स्वतःचा माल भरायचा आणि नफा स्वतः ठेवायचा. आता मालकाला पगार कोण देईल? पगार मिळतो म्हणजे हा नोकर झाला. पण त्याचा स्वतःचा माल त्याच जहाजात आहे, म्हणजे तो अर्धा धनीही आहे. जहाज बुडालं तर पगाराबरोबर पुंजीही बुडेल, म्हणून तो जिवापाड जपणार. मालकाने किनाऱ्यावर बसून जहाजावर विश्वास ठेवण्याची ही रीत होती, आणि 'नाखुदा' हा शब्द मालक आणि कप्तान यांच्या मधोमध लोंबकळत राहिला तो याच रीतीमुळे. 'पैसा पाण्यात गेला' असं आपण नुकसान झाल्यावर म्हणतो. नाखुद्याचा पैसा धंदा सुरू होण्यापूर्वीच पाण्यात असायचा.

पोर्तुगीज आल्यावर या शब्दाला आणखी एक वजन आलं. समुद्र आमचा, असा त्यांचा दावा. त्यामुळे आपल्या जहाजांना त्यांचा परवाना, 'कार्ताझ', घ्यावा लागे. त्यावर जहाजाचा आकार, हत्यारं, कुठून कुठे चाललं ते आणि नाखुद्याचं नाव लिहिलेलं असे. परवाना नसला तर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हेच तत्त्व उलटं फिरवलं. कोकणच्या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या, असा त्यांचा हुकूम होता. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं ते मुख्यतः या दस्तकाच्या रागाने. पोर्तुगीजांनी विकला तो परवाना आणि आंग्र्यांनी मागितली ती लूट, ही वाटणी कोणाच्या सोयीची होती, ते उघड आहे.

आंग्र्यांचा विषय निघालाच आहे तर शब्दांची एक गोष्ट सांगून टाकतो. त्यांचा किताब 'सरखेल'. यातला 'खेल' म्हणजे अरबी 'खैल', घोडे किंवा घोडदळाची तुकडी. आरमाराचा सर्वोच्च अधिकारी, आणि नावात घोडे! 'सारंग' आला फारसी 'सरहंग'वरून, मुळात फौजेतला अंमलदार. युरोपीय जहाजांवर आपल्याकडच्या खलाशांना 'लास्कर' म्हणत, ते 'लष्कर'वरून. खुद्द 'आरमार' हा शब्दही पोर्तुगीज 'आर्मादा'चा मराठी अवतार, आणि त्याच्या मुळाशीही हत्यारबंद असाच अर्थ आहे. म्हणजे दर्यावरची बरीचशी अधिकारपदं जमिनीवरच्या फौजेतून उसनी आणलेली. पाण्यावरच जन्मलेला हुद्दा म्हणजे नाखवा. त्याच्या पोटातच नाव आहे. 'गुराब' या लढाऊ जहाजाच्या नावात तर अरबी कावळा बसला आहे, पण ती वाट आता नको.

इतर किनाऱ्यांवर या शब्दाने काय केलं, तेही मजेशीर आहे. मलेशिया-इंडोनेशियात 'नाखोडा' म्हणजे सरळ जहाजाचा कप्तान, आजच्या मोठ्या पोलादी जहाजाचासुद्धा. पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीमध्ये तो 'नाहोधा' झाला, आणि तिथे फुटबॉल संघाच्या कप्तानालाही नाहोधाच म्हणतात. आखातात मोती काढणाऱ्या बोटींवरचा 'नोखदा' हाही कप्तानच, पण त्याच्या हातात पैसाही असे. मोसमाआधी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, ती पाणबुड्यांना वाटायची, मोती सापडले की वळती करायची. सापडले नाहीत तर कर्ज पुढच्या मोसमावर. कोलकात्याची प्रसिद्ध नाखोडा मशीद कच्छी मेमन समाजातल्या दर्यावर व्यापार करणाऱ्यांनी उभारली. तिथे मालक आणि दर्यावर्दी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

या सगळ्यांत रायगड-मुंबईच्या कोळीवाड्यांनी सगळ्यांत जुना अर्थ जपला, असं मला वाटतं. नाव ज्याची, तो नाखवा. याचं कारण मासेमारीच्या हिशेबात आहे. व्यापारी जहाजावर पगार ठरलेला असतो. मासेमारीत वाटा असतो. मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा होतो, आणि उरलेल्यात बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचा वाटा अशी वाटणी होते. कुठे खलाशांना महिन्याचा पगार असतो, कुठे पगार आणि वर थोडा वाटा. पद्धत बंदरागणिक बदलते. पण बोट आणि जाळं यांचा वाटा कोणाच्या खिशात जातो, हे प्रत्येकाला माहीत असावंच लागतं, आणि त्या माणसाला काहीतरी नाव लागतं. तांडेल त्याहून वेगळा. पाणी कुठे कसं आहे, भरती-ओहोटीला जाळं कधी सोडायचं, डोल जाळं कुठे मारायचं, हे त्याचं ज्ञान. त्या ज्ञानाचा त्याला जास्तीचा वाटा मिळतो.

एकच बोट असलेल्या घरात मात्र नाखवा आणि तांडेल एकच असतो. बाप बोट हाकतो, मुलगे खलाशी, आणि किनाऱ्यावर मासळीचा भाव ठरवणारी घरची कोळीण. तिच्या हिशेबाशिवाय नाखव्याची नाखवेगिरी दोन दिवस टिकणार नाही, हे कोळीवाड्यात कोणीही सांगेल. कर्ज काढून दुसरी बोट घेतली की प्रश्न येतो. दोन्हीकडे एक माणूस कसा जाणार? मग तांडेल ठेवावा लागतो, आणि जे चौल-ठाण्याच्या जहाजमालकांच्या बाबतीत हजार वर्षांपूर्वी घडलं, तेच एका घरात, एका मोसमात घडतं. मालक किनाऱ्यावर, हुकूम बोटीवर.

मोसम सुरू होण्याआधी खलाशांना उचल द्यायची प्रथाही आखातातल्या नोखद्यांसारखीच आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत यांत्रिक बोटी किनाऱ्यावर असतात. त्या काळात नाखव्याची खरी धावपळ चाललेली असते. डागडुजी, जाळी, परवान्याचं नूतनीकरण, आणि ऑगस्टसाठी माणसं बांधून ठेवणं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात हल्ली खलाशांमध्ये नेपाळहून आलेली माणसं पुष्कळ दिसतात. ज्या देशाला समुद्र नाही, तिथले तरुण अरबी समुद्रात जाळी ओढतात. उचल घेऊन कोणी परत आलाच नाही, तर नाखव्याने दाद कुठे मागायची, ही तक्रार किनाऱ्यावर दर वर्षी ऐकू येते. आणि भरवादळात बोटीवर राहायचं, पण कागदावर नाव नाही, ही खलाशांची तक्रार. दोन्ही खऱ्या आहेत.

अबुल फझलच्या बारा जणांपैकी बाकीच्यांचं काय झालं? मुअल्लिम जीपीएसच्या डबीत शिरला. गुमतीचं काम पंपाने घेतलं. पंजरीच्या जागी वायरलेसवरचा हवामानाचा इशारा आला. कराणी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बसून डिझेलचा कोटा लिहितो. सारंग उरला तो सरकारी दाखल्यांत. १९१७ च्या अंतर्देशीय जहाजांच्या कायद्यात 'सेरांग' ही रीतसर परीक्षा देऊन मिळवायची पात्रता होती. आणि तांडेलाने तर चांगलीच बढती मिळवली. अकबराच्या काळात तो खलाशांचा मुकादम होता, तिसऱ्या पायरीवरचा. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात 'टिंडल' म्हणजे शिडाच्या जहाजाचा ताबा ज्याच्याकडे आहे तो, अशी व्याख्या केली होती. म्हणजे कायद्याने तांडेलाला कप्तान केलं, आणि कप्तानपदावरचा नाखव्याचा उरलासुरला दावा आपल्यापुरता तिथेच निकालात निघाला.

नाखवा हा शब्द सरकारी मराठीने मात्र घेतला नाही. मत्स्यव्यवसाय विभागाने एखादी बोट बेकायदा मासेमारी करताना पकडली, की बातमीत 'नौकामालक व तांडेल यांच्यावर कारवाई' असं छापून येतं. तांडेल तसाच राहिला, नाखव्याच्या जागी 'नौकामालक' आला. कोणीतरी टेबलावर बसून शुद्ध मराठी शब्द घडवला असेल. नौका अधिक मालक. कदंबांच्या पंडिताने नौ आणि वित्त जोडून 'नौवित्तक' केलं होतं, सिराफच्या दर्यावर्द्यांनी नाव आणि खुदा जोडून 'नाखुदा' आणला होता. 'नौकामालक'मधला 'मालक' तरी कुठला? तो अरबी आहे.